विज्ञान प्रदर्शनात उडणाऱ्या प्रतिकृतींना मैदान मिळावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी हिवाळ्यात आपल्या दैनिकात तालुका आणि जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्या येतात. टेबलावर मांडलेल्या प्रतिकृती आणि त्यांच्यामागे गणवेशात उभी असलेली मुले, अशी छायाचित्रेही त्यांच्यासोबत असतात. त्या छायाचित्रांत जे कधीच दिसत नाही त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, म्हणून हे पत्र.

मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात चित्रकलेचा शिक्षक होतो व आता निवृत्त आहे. गेल्या हिवाळ्यात गावातील आठवीच्या तीन विद्यार्थ्यांनी, म्हणजे दोन मुली व एक मुलगा यांनी, माझ्या ओट्यावर बसून महिनाभर खपून एक अग्निबाण तयार केला. तो प्रदर्शनात मांडला गेला, परंतु उडवू दिला गेला नाही. शिवाय परीक्षकांचा शेरा असा पडला की या यानाचा आकार काल्पनिक असून प्रत्यक्षातील कोणत्याही यानाशी तो जुळत नाही. परीक्षकांच्या हेतूविषयी मला शंका नाही व कोणाचे नाव घेण्याचे कारणही नाही. मात्र त्या शेऱ्यामुळे मुलांचे जे खरे काम होते तेच बघायचे राहून गेले, आणि उद्या दुसऱ्या कोणत्या मुलांचे तसे होऊ नये एवढ्यासाठी मी सविस्तर लिहीत आहे.

आकार काल्पनिक होता हे खरे आहे. माझ्या लहानपणी दिवाळी अंकांतील विज्ञानकथांना जी चित्रे असत, त्यांत चंद्रावर जाणारे यान ठरलेल्या रूपाचे असे: पोटाशी फुगीर, पुढे निमुळते होत टोकदार झालेले, अंगावर गोल खिडक्यांची रांग आणि शेपटीला मागे झुकलेले तीन मोठे पंख, ज्यांच्या टोकांवर ते तिवईसारखे उभे राही. माझ्याकडच्या जुन्या गठ्ठ्यातील असे एक चित्र पाहून दोन मुलींपैकी एकीने मला विचारले, "सर, हाई उडस का?" चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात क्वचितच कोणी विचारतो. मी तिला म्हणालो, "मला ठाऊक नाही, आपण करून पाहू."

या आकाराचा उगम मुलांना सांगणे मला आवश्यक वाटले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनवलेला व्ही-२ हा सुमारे १४ मीटर उंचीचा, चिरुटासारख्या घाटाचा आणि चार पंखांचा अग्निबाण १९४४ मध्ये लंडनवर पडू लागला. युद्धानंतर जगभरच्या चित्रकारांनी अंतराळयानाची कल्पना केली ती बरीचशी त्याच्याच घाटावर. माणसे मारण्यासाठी बनलेल्या वस्तूचा आकार मुलांच्या चित्रांत येऊन चंद्रप्रवासाचा झाला, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. पुढे खऱ्या अंतराळयानांनी सरळ नळकांड्याचा आकार घेतला व चित्रातली याने जुनाट ठरली. तरीही शेपटीवर उभे उतरण्याची त्या चित्रांतील कल्पना वाया गेलेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ या अमेरिकी अग्निबाणाचा पहिला टप्पा आपले काम संपवून परत आला आणि पाय पसरून जमिनीवर उभा उतरला, तेव्हा मला त्या जुन्या चित्रांचीच आठवण झाली.

आता तो उडवायचा कशाने? हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात येईल, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देतो. अमेरिकेत १९५४ मध्ये ऑर्व्हिल कार्लाइल या नेब्रास्कातील दुकानदाराने आपल्या भावाच्या मदतीने कागदी नळीचा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा छोटा अग्निबाण बनवला. पुढे १९५८ च्या सुमारास व्हर्न एस्टिस यांनी त्यासाठी लागणारी दारूची नळकांडी यंत्रावर तयार करण्यास सुरुवात केली, आणि तिकडे हा छंद घरोघरी गेला. त्या नळकांड्यांवर ए, बी, सी अशी अक्षरे असतात व प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांच्या गुणाकाराची, कमाल मर्यादा दुप्पट होते. शेपटीशी मातीची तोटी, मध्ये दारू, मग काही सेकंद नुसती धुमसणारी भर आणि शेवटी हवाई छत्री बाहेर ढकलणारा छोटा बार, अशी त्याची रचना असते व वात न लावता दूर उभे राहून विजेच्या तारेने ते पेटवतात. आपल्याकडे घरी दारू भरणे हे १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय निषिद्ध आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी ते मुलांना करू दिले नसते. दिवाळीचे फटाके फोडून त्यातील दारू गोळा करण्याचा खेळ काही गावांत चालतो. त्यात बोटे आणि डोळे जातात. ज्यांच्या घरी अशी हौशी मुले आहेत त्यांनी कृपया त्यांना हे आजच सांगावे.

आम्ही पाणी आणि हवा घेतली. शीतपेयाची दोन लिटरची नवी बाटली, तिच्यात ६०० मिलिलिटर पाणी आणि उरलेल्या जागेत सायकलच्या पंपाने भरलेली ६० पौंड हवा, एवढाच त्याचा दारूगोळा. सोडण्याच्या यंत्राचे सर्व साहित्य आमच्या गावातच मिळाले, कारण खानदेशात ठिबक सिंचनाचे सुटे भाग किराणा मालाइतके सहज मिळतात. शेतीचा २० मिलिमीटरचा पाइप बाटलीच्या तोंडात थोडा सैल बसतो, म्हणून त्यावर रबरी रिंग चढवली. खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ठिबकच्या रबरी ग्रोमेटमध्ये घट्ट बसवला. बाटलीच्या गळ्याची कड धरून ठेवण्यासाठी पाइपाभोवती प्लास्टिकच्या केबल टायची डोकी वर करून बांधली आणि त्यांवर मोठ्या पाइपाचा तुकडा कड्यासारखा सरकवला. दहा मीटरची दोरी ओढली की कडे खाली येते, टायची डोकी बाहेर फाकतात आणि बाटली सुटते. हवा भरण्याआधी बाटलीची परीक्षा करावी लागते, व ती पाण्याने काठोकाठ भरून करावी. पाणी दाबले जात नसल्याने बाटली फुटली तरी नुसते पाणी सांडते. हवा भरलेली बाटली फुटली तर तिचे तुकडे उडतात.

पुढचा शंकू ड्रॉइंग शीटचा केला व टोकाला स्पंजचा चेंडू लावला, म्हणजे तो कोणाच्या अंगावर पडला तरी इजा होऊ नये. पंख फलक रंगवणाऱ्याकडच्या सनबोर्डच्या कापांतून काढले. ते बाटलीला चिकटवायला गरम गोंद चालत नाही, कारण उष्णतेने बाटली कमकुवत होते. म्हणून लवचीक सिलिकॉन वापरले. रंग अर्थातच चित्रातला, म्हणजे अंग चंदेरी, पंख लाल आणि खिडक्या पिवळ्या. खिडक्यांची वर्तुळे मुलांनी बांगडी ठेवून आखली. एकीने त्यातल्या एका खिडकीत इतका छोटा चेहरा काढला की तो हातभर अंतरावरूनही नीट दिसत नसे.

सरळ नळीला चार बेताचे पंख लावले तर ती बहुधा उडतेच, आणि त्यात शिकण्यासारखे थोडे असते. चित्रातला आकार उडवायचा म्हटले की खरा अभ्यास सुरू होतो. दिवाळीतील रॉकेटची काडी मोडून ते पेटवले तर ते भिरभिरते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. त्याचे कारण असे की हवेत जाणारी कोणतीही वस्तू आपल्या तोलबिंदूभोवती वळते, आणि वाऱ्याचा दाब ज्या बिंदूशी एकवटतो तो तोलबिंदूच्या मागे असेल तरच ती पुन्हा सरळ होते. तो पुढे असेल तर ती उलटी फिरते. दोन्हींमध्ये निदान अंगाच्या एका व्यासाइतके अंतर असावे, असा या छंदातील जाणत्यांचा नियम आहे. चित्रातल्या यानाची अडचण नेमकी इथे येते. मागचे मोठे पंख वाऱ्याचा बिंदू मागे नेतात ही चांगली गोष्ट, पण स्वतःच्या वजनाने ते तोलबिंदूही मागे ओढतात, आणि फुगीर अंग व लांब शंकू वाऱ्याचा बिंदू पुन्हा पुढे आणतात.

हे मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मुलांनी यानाची बाजूने दिसणारी पूर्ण मापाची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापली व फूटपट्टीच्या कडेवर तोलली. जिथे ती आडवी राहिली तो वाऱ्याचा अंदाजे बिंदू, टोकापासून ५१ सेंटिमीटरवर. मग प्रत्यक्ष यान दोरीने टांगले, तर त्याचा तोलबिंदू ५३ वर आला. म्हणजे जो पुढे हवा तो दोन सेंटिमीटर मागे होता. मी ते आकडे पाहूनही गप्प राहिलो, कारण उडवल्याशिवाय त्यांना त्यांचा अर्थ कळला नसता. पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात एका सकाळी ते सोडले. लिंबाच्या झाडाएवढे वर जाऊन ते आडवे झाले, स्वतःभोवती दोनदा फिरले आणि ढेकळांत येऊन पडले. मुले धावत गेली, आणि परत येताना त्यांच्यात वाद सुरू झाला होता तो फक्त दोन सेंटिमीटरवर.

टोकाशी चिंधीत बांधून वाळू भरायची असे ठरले. थोडी थोडी वाढवत ७५ ग्रॅमपर्यंत गेल्यावर तोलबिंदू ४०च्या आसपास आला आणि एका व्यासाइतके अंतर पडले. नंतर तोलबिंदूपाशी दोरी बांधून ते यान गोफणीसारखे डोक्याभोवती फिरवले. टोक पुढे ठेवून ते सरळ फिरत राहिले, तेव्हा आमची खात्री पटली. रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी जगातील पहिला द्रवरूप इंधनाचा अग्निबाण उडवला, तेव्हा त्यांनी तोटी वर आणि टाक्या खाली अशी मांडणी केली होती, कारण वरून ओढले म्हणजे वस्तू सरळ राहील असे त्यांना वाटले होते. तसे होत नाही हे त्यांनाही पुढे दिसून आले. त्यांचा अग्निबाण अडीच सेकंदांत सुमारे साडेबारा मीटर वर गेला होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला जे करून पाहिल्यावर कळले, ते आमच्या मुलांनाही तसेच कळले, आणि हे त्यांना सांगताना मला फार आनंद झाला.

मुलांपैकी एकीने विचारलेला प्रश्न मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "सर, आपण तोल रिकाम्या बाटलीचा पाहिला, पण सुटताना तर शेपटीशी सहाशे ग्रॅम पाणी असते." प्रश्न बिनतोड होता, म्हणून आम्ही हिशेब केला. साठ पौंड दाबाला पाणी सेकंदाला जवळजवळ २९ मीटर वेगाने तोटीबाहेर पडते, आणि ६०० मिलिलिटर पाणी एक दशांश सेकंदाच्या आत संपते. तेवढ्या वेळात यान फार तर माणसाच्या उंचीइतके वर गेलेले असते, आणि त्यातला सुरुवातीचा भाग ते पाइपाच्या आधाराने सरळ जाते. पुढचा सगळा प्रवास रिकाम्या यानाचा. आठवीतल्या मुलीने काढलेली ही शंका आणि तिचे उत्तर प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूत कुठेच दिसत नव्हते.

दुसऱ्या खेपेला पंख उखडला. सुरुवातीचा रेटा तीस किलो वजनाएवढा असतो, आणि त्या क्षणी पंचवीस ग्रॅमचा पंख स्वतःच जवळपास किलोभर जड होतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पंखांच्या मुळाशी कागदाच्या पट्ट्यांचे थर देऊन ते पक्के केले. तिसऱ्या खेपेला वाऱ्याने शिकवले. मोठे पंख वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवतात, म्हणून दहाच्या सुमारास वारा सुटल्यावर सोडलेले यान त्याच दिशेने झुकत गेले व शेजारच्या केळीच्या बागेत पडले. बागवान काकांनी ते स्वतः आणून दिले आणि पुढच्या वेळी आपल्यालाही बोलवा असे सांगून गेले.

चौथ्या खेपेला सकाळी सात वाजता, वारा नसताना, ते सरळ गेले. पाण्याचा पांढरा फवारा जमिनीवर राहिला आणि लाल पंखांचे चंदेरी यान त्यातून निघून इतक्या झपाट्याने वर चढले की प्रथम नुसता आवाजच कळला. मग ते संथ झाले, वरच्या टोकाला क्षणभर थांबल्यासारखे वाटले, शंकू निसटला आणि जुन्या छत्रीच्या कापडाची छत्री उघडली. पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या मुलाने कोनमापकाला ओळंबा बांधून कोन घेतला, तो ३२ अंश आला. त्या कोनाचे स्पर्श-गुणोत्तर (टॅन), म्हणजे ०.६२, पन्नासाने गुणून व मुलाच्या डोळ्यांची उंची मिळवून आलेले उत्तर होते सुमारे ३२ मीटर, म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीच्या जवळपास दुप्पट. आठवीत त्रिकोणमिती नसते, तरी मुलांनी त्या एका सकाळीपुरती ती माझ्याकडून शिकून घेतली, कारण त्यांना उंची हवी होती.

हे सगळे प्रदर्शनात कसे मांडायचे? टेबलावर यान तिवईवर उभे होते आणि शेजारी तक्ता होता. मुलांनी विनंती केली की मैदान मोकळे आहे, एकदा उडवून दाखवू द्या. त्यांना सांगण्यात आले की कार्यक्रमपत्रिकेत तशी सोय नाही व धोका कोणी घ्यायचा. धोक्याची काळजी रास्त आहे, ती मलाही होती, आणि म्हणूनच वरची सगळी खबरदारी आम्ही घेतली होती. परंतु उडणारी वस्तू न उडवता तिचे परीक्षण करायचे ठरले की परीक्षकांच्या हाती रंग, तक्त्यावरील अक्षर आणि आकार खऱ्या यानाशी जुळतो की नाही, एवढेच उरते. २३ ऑगस्ट २०२३ नंतर चांद्रयान-३ च्या थर्माकोलच्या प्रतिकृती प्रत्येक प्रदर्शनात दिसतात. त्यामागच्या अभिमानाला मी कमी लेखत नाही, तो मलाही आहे. पण त्या प्रतिकृतीत तोलबिंदू कुठे आहे हे तिच्या निर्मात्याला माहीत असावे लागत नाही, आणि काल्पनिक आकाराच्या आमच्या यानात ते माहीत नसते तर ते लिंबाच्या वर गेलेच नसते.

आपल्या जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख आवर्जून होतो. भास्कराचार्यांच्या गणितात छायाव्यवहार हे प्रकरणच आहे. दिव्याच्या उंचीचा आणि सावलीच्या लांबीचा हिशेब त्यात शिकवला आहे. कोनमापकाला ओळंबा बांधून आकाशातल्या वस्तूची उंची काढणारा मुलगा त्याच वाटेने चालला आहे, आणि त्याला ते सर्वांसमोर करून दाखवता यावे असे मला मनापासून वाटते.

माझी मागणी लहान आहे. तालुका आणि जिल्हा प्रदर्शनाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक तास, सकाळी आठच्या आत, मैदानासाठी राखून ठेवावा व त्या तासात उडणाऱ्या, तरंगणाऱ्या, फेकल्या जाणाऱ्या प्रतिकृती प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात. पाण्याच्या अग्निबाणासाठी दाब ६० पौंडांच्या वर जाऊ नये, बाटली नवी आणि पाण्याने तपासलेली असावी, दोरी दहा मीटरची व सोडणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा, प्रेक्षक तीस मीटर दूर असावेत, आणि दारू कोणत्याही रूपात आणता येणार नाही, असे नियम आधी छापून शाळांना कळवावेत. परीक्षकांनी आकार खरा की काल्पनिक हे पाहण्याऐवजी मुलांना विचारावे की तोल कुठे आहे, तो कसा काढला, आणि पहिल्या वेळी काय बिघडले. ज्यांचे यान आडवे होऊन पडेल त्यांनाही बिघाडाचे कारण सांगता आले तर गुण मिळावेत.

आमचे सोडण्याचे यंत्र माझ्या ओट्यावर आहे. अमळनेर, पारोळा किंवा चोपडा तालुक्यातील कोणत्याही शाळेला ते पाहायचे किंवा वापरायचे असेल तर मी ते स्वखर्चाने घेऊन येईन व कसे बनवायचे तेही शिकवीन. मुले सध्या नवीन आकारावर काम करीत आहेत. या खेपेला चित्रातल्याप्रमाणे अंगालाही दोन छोटे पंख हवेत असा त्यांचा हट्ट आहे. पुढे लावलेले पंख वाऱ्याचा बिंदू पुढे ओढतील हे त्यांना आता कळते, म्हणून पुठ्ठ्याची आकृती कापून ती फूटपट्टीवर तोलण्याचे काम कालपासून सुरू झाले आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव